बाबांच्या मागे राहिलेले अकरा सेट

बाबा गेले तेव्हा मांगरात, म्हणजे त्यांच्या कामाच्या शेडमधे, अ‍ॅम्प्लिफायरचे अकरा सेट होते. चार दुरुस्तीला आलेले, लोकांचे. पाच अर्धवट, ज्यांचे आगाऊ पैसे बाबांनी घेतले होते. एक घरचा, एरवी पडवीत वाजणारा. आणि अकराव्याची नुसती चॅसी (सेटचा सांगाडा) होती, भोकं पाडून ठेवलेली. ती कुणासाठी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेरावं झाल्यावर मी आणि आईनं पहिलं काम केलं ते एवढंच, की पुठ्ठ्याचे तुकडे कापले, सुतळीनं एकेका सेटला बांधले आणि त्यावर कोणाचा ते लिहिलं.

मी कुडाळला शाळेत विज्ञान शिकवते, वेंगुर्ल्याहून रोज जाऊन येऊन. दादा डोंबिवलीला असतो. बाबांचा धंदा आमच्यापैकी कुणी पुढे चालवेल का, हे बोलणं घरात कधी झालंच नव्हतं. बाबा ६८ वर्षांचे, पण पहाटे उठून माडांना शिंपणं करणारे. नोव्हेंबर २०२३ मधे एका रात्री छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

ते व्हॉल्वचे (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर बनवत. आधी रेडिओ दुरुस्ती, मग टेपरेकॉर्डर, मग गणपतीतले कर्णे, आणि १९९९ पासून हे. वर्षाला दोन किंवा तीन सेट, जास्त नाहीत. फणसाच्या लाकडाची बैठक सावंतवाडीचा सुतार करून द्यायचा. बाकी सगळं मांगरात व्हायचं, ट्रान्सफॉर्मरसुद्धा. बाजारात तयार ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण बाबांच्या मते सेटचा आवाज म्हणजे त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्वमधला आवाज स्पीकरकडे पोचवणारा), आणि तो दुसऱ्याच्या हातचा घातला तर सेटवर आपली पाटी लावायचा आपल्याला हक्क नाही. वहीप्रमाणे त्यांच्या हातून ६१ सेट बाहेर गेले. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा, बंगळुरू, आणि आमच्या जिल्ह्यात नऊ.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांना उपयोग होईल. धंदा बाबांच्या एकट्याच्या नावावर होता, प्रोप्रायटरी. अशा धंद्याला मालकापासून वेगळं अस्तित्व नसतं. मालक गेला की जीएसटी नंबरही गेल्यात जमा, कारण तो त्यांच्या पॅनला बांधलेला असतो. आमची उलाढाल नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, तरी माल राज्याबाहेर जायचा म्हणून नोंदणी सक्तीची होती. एका सल्लागारानं सांगितलं, "वर्ष संपेपर्यंत बाबांच्याच नंबरवर बिलं फाडा, कोण बघतंय." मला ते पटलं नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं बिल करायचं तर त्यावर सही कुणाची? मग रीतसर केलं. आधी माझ्या पॅनवर नवी नोंदणी, कारण म्हणून मालकाचा मृत्यू. मग बाबांच्या खात्यात शिल्लक राहिलेलं, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मनं माझ्याकडे. आणि हे झाल्यावरच जुनी नोंदणी रद्द. हा क्रम चुकवू नये. बाबांचं त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र मी वारस म्हणून भरलं. बँकेच्या खात्याला आईचं नाव नॉमिनी म्हणून होतं, त्यामुळे तिथे फार हेलपाटे पडले नाहीत.

त्या खात्यातले दोन लाख आमचे नव्हते. पाच जणांचे प्रत्येकी चाळीस हजार. आईनं ते पैसे वेगळे काढायला लावले आणि म्हणाली, "ज्यांचे पैशे घेतलेले आसत, तेंचा आधी बघ. नावाचा मगे बघूया." पुढच्या सात महिन्यांत जे काही केलं ते सगळं या एका वाक्याच्या आधारानं केलं.

पाचही जणांना मी स्वतः फोन केला. बाबा गेले, सेट पूर्ण होईल की नाही सांगता येत नाही, पैसे परत हवे असतील तर या आठवड्यात पाठवते. दोघांनी परत घेतले. तिघे थांबतो म्हणाले. कोल्हापूरचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "पैसे राहू देत. तुम्ही आधी बघा तुमच्याच्यानं होतं का. घाई नाही."

आता होतं का, हा प्रश्न.

मांगरात बाबांबरोबर वीस वर्षं एक काका वाइंडिंगला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तारेचे वेढे भरायला, होते. त्याआधी ते पंपाच्या मोटारी भरायचे. वय ७१, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण तारेवरचं बोट अजून पक्कं. मी त्यांना विचारलं, अमुक असं का, तमुक तसं का, की ते मान हलवायचे. "ह्या असाच करूचा. कित्याक ता माका इचारू नको." हात काकांकडे होते आणि कारण बाबांकडे. बाबांचं कारण वहीत असेल असं वाटून वही उघडली, तर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मांगराची कौलं उडाली होती तेव्हा ती भिजलेली. सर्किट वाचता येत होतं. प्रत्येक सेटचा नंबर, तारीख, कुठे गेला, सगळं होतं. ट्रान्सफॉर्मरची पानं तेवढी एकमेकांना चिकटून लगदा झालेली.

सर्किटात गूढ काही नव्हतं. दर चॅनेलला ईएल३४ जातीचे दोन व्हॉल्व, पुशपुल म्हणजे आळीपाळीनं काम करणारे, पुढे ईसीसी८३ हा लहान व्हॉल्व, सुमारे ४३० व्होल्टचा बी-प्लस, म्हणजे व्हॉल्वना मिळणारा मुख्य डीसी पुरवठा. जोडणी अल्ट्रालिनिअर, जी हाफलर आणि केरोस या दोघांनी १९५१ साली लोकांपुढे आणली. त्यात व्हॉल्वमधली स्क्रीन ग्रिड नावाची जाळी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतूनच, म्हणजे व्हॉल्वकडच्या वेटोळ्यातूनच, काढलेल्या एका फाट्याला जोडतात, आणि तो फाटा नेमका कितव्या वेढ्यावर, यावर बरंच काही ठरतं. ते पान लगद्यात.

दुरुस्तीला आलेल्या चारांपैकी एक सेट मालवणचा होता. एका भजनी बुवांचा. त्याचा डावा चॅनेल मुका झाला होता. मीटर लावला, प्रायमरी ओपन. म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली, हा ट्रान्सफॉर्मर तसाही गेलेलाच. काका म्हणाले, हाच सोडवूया. बुवांची परवानगी घेतली आणि जानेवारीत शनिवार-रविवार धरून आम्ही तो उलटा भरायला घेतला.

हे काम कसं असतं ते सांगायलाच हवं. आधी स्टॅम्पिंगच्या, म्हणजे गाभ्यातल्या लोखंडी, पट्ट्या एकेक करून काढायच्या. वार्निशनं त्या घट्ट चिकटलेल्या असतात, पहिली निघेपर्यंत नखं जातात. मग उरतं ते बॉबिन, तार गुंडाळलेला साचा. काका ते हँडलवर चढवून हळूहळू उलटं फिरवायचे, मी तार दुसऱ्या रिळावर घ्यायची आणि मोजायची. दर दहाला एक रेघ, दर थर संपला की खाली आडवी ओळ. दोन थरांच्या मधला कागद निघाला की तो चिमट्यानं उचलून क्रमानं मांडायचा. दोघांनी बोलायचं नाही. एकदा आई चहा घेऊन आली आणि मी वर पाहिलं, तेवढ्यात आकडा गेला. तो थर परत भरून पुन्हा सोडवावा लागला.

तार ३२ गेज. पहिला थर, १४०. दुसरा, १४०. तिसरा, १४०. बाबांच्या हाताचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांपूर्वी भरलेला थर, एका वेढ्याचा फरक नाही. सातव्या थराशी तार सुटून हातात आली. तुटलेल्या टोकाशी खसखशीएवढा हिरवा ठिपका. काकांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "खारो वारो." तारेवरच्या लाखेला कुठेतरी सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल, त्यातून दमट खारी हवा शिरली. वर प्रायमरीवर ४३० व्होल्टचा पॉझिटिव्ह डीसी. असं मिळालं की तांबं त्या एका जागी विरघळत जातं आणि एक दिवस तार तुटते. बाबा मृगापासून दसऱ्यापर्यंत वाइंडिंग बंद ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं, शेती असते म्हणून. कारण वेगळंच होतं. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो आणि ते थरांच्या मधे कायमचं कोंडलं जातं. हा सेट कधी भरला ते वहीत बघितलं: जुलै २००६. बुवांच्या घरी गणपतीत हवा होता, म्हणून बाबांनी त्या एकाच वर्षी नियम मोडला होता.

प्रायमरीच्या एका अर्ध्या भागात दहा थर, म्हणजे १४०० वेढे. दोन्ही मिळून २८००. सेकंडरी, म्हणजे स्पीकरकडचं वेटोळं, ४९-४९ च्या दोन थरांत, ९८. मी वर्गात शिकवते तोच हिशोब: २८०० भागिले ९८, त्याचा वर्ग, गुणिले स्पीकरचे ८ ओहम. उत्तर साडेसहा हजार ओहमच्या आसपास येतं, ईएल३४ च्या जोडीला हवं तेवढंच. त्या रात्री मी कितीतरी वेळ तो कागद घेऊन बसले होते.

फाटा मात्र बुचकळ्यात टाकणारा होता. पुस्तकांत प्रायमरीच्या प्रत्येक अर्ध्या भागाच्या ४३ टक्क्यांवर सांगतात, म्हणजे १४०० पैकी ६०२ व्या वेढ्यावर. बाबांचा निघाला ५६० वर. बरोबर ४० टक्के. दुसरा अर्धा भाग सोडवला, तिथेही ५६०. चूक नव्हे, ठरवून केलेलं. मी दोन दिवस कारण शोधत होते आवाजात, विकृतीच्या आकड्यांत. काकांपुढे आकडे मांडले तेव्हा त्यांनी बॉबिनवर बोट ठेवलं. चार थर गुणिले १४०. फाटा थराच्या काठावर येतो. ६०२ वर काढायचा तर पाचव्या थराच्या मधूनच तार बाहेर घ्यावी लागते, ती शेजारच्या वेढ्यांवरून आडवी जाते, वरचा कागद तिथे उचलला जातो आणि चारशे व्होल्टला तीच जागा दगा देते. काठावर काढला की स्लीव्हमधून सरळ बाहेर. बाबांनी तीन टक्के सोडून दिले होते, सेट वीस-तीस वर्षं टिकावा म्हणून. काकांच्या हाताला हे ठाऊक होतं, फक्त त्याला कुणी प्रश्न नीट विचारला नव्हता.

याच सुमारास दादाकडे मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. नाव विकत हवं. सर्किट, पाटी, बाबांचे फोटो. ट्रान्सफॉर्मर बाहेरून तयार आणणार, सेट कारखान्यात जोडणार. रक्कम चांगली होती. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं: आईचं पुढचं बघायला हवं, मी नोकरी सांभाळून हे किती दिवस करणार, आणि काकांचं वय. आम्ही भांडलो नाही, पण जड गेलं.

मी या धंद्यातल्या दुसऱ्यांचं काय झालं ते वाचून काढलं. अमेरिकेत केंटकीमधे जिम थील स्पीकर बनवायचे. २००९ मधे ते गेले. २०१२ मधे कंपनी विकली गेली, नव्या लोकांनी त्यांची रचनेची पद्धतच सोडून दिली, नाव तेवढं ठेवलं आणि २०१८ मधे दिवाळं निघालं. विल्सन ऑडिओचे डेव्ह विल्सन २०१८ मधे गेले, पण त्यांनी दोन वर्षं आधीच मुलाच्या हाती कारभार दिला होता आणि कंपनी नीट चालू आहे. जपानचे कोंडो, चांदीच्या तारेचे ट्रान्सफॉर्मर भरणारे, २००६ च्या जानेवारीत अमेरिकेत प्रदर्शनाला गेले असताना वारले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं काम पुढे नेलं, ते आजही चालू आहे. ही मोठी नावं, आमचा मांगर कुठे. पण मला त्यात एक गोष्ट दिसली. जिथे नावाआधी हात पुढच्याकडे गेले होते तिथे काम टिकलं. आणि थीलच्या बाबतीतसुद्धा, कंपनी बुडाल्यावर तिथल्याच एका जुन्या कामगारानं सुटे भाग आणि दुरुस्ती चालू ठेवली, म्हणून लोकांच्या घरचे स्पीकर अजून वाजताहेत. मला तो माणूस सगळ्यांत मोठा वाटतो.

दादाला मी एवढंच म्हटलं, की ६१ घरांत बाबांचे सेट आहेत. नाव विकलं तर उद्या त्यातला एखादा मुका झाल्यावर ती माणसं कुणाला फोन करणार? त्या व्यापाऱ्याला मी विचारलं होतं. जुन्या सेटची जबाबदारी घेणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, पण आमचा सौदा तिथेच थांबला. दादानं मग स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. मी मोजलेले आकडे, सर्किट, प्रत्येक जागेचे व्होल्टेज, फाट्याचं कारण, हे सगळं त्यानं नीट आखून बारा पानांची पुस्तिका केली आणि वहीतल्या पत्त्यांवर पोस्टानं पाठवली. ५२ पोचल्या. आता कुठल्याही गावातला जुना रेडिओ मेकॅनिक ती बघून बाबांचा सेट उघडू शकतो. ट्रान्सफॉर्मरची रचना गुपित ठेवायला हवी होती असं सांगणारेही भेटले. गुपित ठेवून काय होतं ते आम्ही लगद्यात पाहिलं होतं.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर सूचना आहे: सेट बंद केल्यावरही कपॅसिटरमधे चार्ज राहतो, तो जीव घेऊ शकतो. बाबांकडे बांबूची एक काठी होती, टोकाला १० किलोओहमचा जाड रेझिस्टर आणि क्लिप. सेट उघडला की पहिली ती काठी, आणि डावा हात पाठीमागे. आम्हा मुलांना त्या काठीला हात लावायला बंदी होती. आता ती माझ्या टेबलाशी असते.

फेब्रुवारीत बुवांच्या सेटसाठी नवा ट्रान्सफॉर्मर भरायला घेतला, या वेळी मी फिरवायचं आणि काकांनी बघायचं. चार रविवार लागले. तपासायची बाबांची रीत साधी होती. सेकंडरीला हीटरचे, म्हणजे एरवी व्हॉल्व तापवणारे, ६.३ व्होल्ट द्यायचे आणि प्रायमरीच्या दोन्ही अर्ध्या भागांवर किती येतात ते मोजायचं. दोन्हीकडे ९० यायला हवेत. एकीकडे ९० आले. दुसरीकडे ८७.४. हिशोब केला, चाळीस वेढे कमी. थर भरला की १४० झाले असं मी धरून चालले होते, आणि माझ्या हातात ताण कमी पडल्यामुळे तीन थर विरळ भरले गेले होते. काका काही बोलले नाहीत. हँडल उलटं फिरवायला लागले.

दुसऱ्या खेपेला ९० आणि ८९.९. मग गरम पेटीत सुकवून वार्निशमधे बुडवला, पुन्हा सुकवला, इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला, आणि एप्रिलच्या शेवटी सेटमधे बसवला. ईएल३४ स्लोव्हाकियाचे घातले. बाबा आधी रशियन वापरायचे, पण २०२२ च्या मार्चमधे तिथून निर्यात अडली आणि भाव चढले तेव्हापासून त्यांनी तिकडे पाहणं सोडलं होतं. ईसीसी८३ मात्र बाबांच्या पत्र्याच्या डब्यातले, भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने, कापसात गुंडाळलेले.

सेट द्यायला मी आणि काका मालवणला गेलो. बुवांनी नेहमीच्या जागी, देवघराच्या शेजारी तो ठेवला आणि रेकॉर्ड लावली. व्हॉल्व तापेपर्यंतचं ते अर्धं मिनिट मला फार लांब गेलं. मग तंबोरा आला. बुवा बराच वेळ डोळे मिटून बसले होते. नंतर माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "डावो थोडो मोकळो वाटता रे." काका म्हणाले, "नवो आसा. वर्सभर वाजांदे." मी ते वाक्य वहीत तारखेसह लिहून ठेवलंय. पुढच्या मेमधे जाऊन पुन्हा ऐकायचं आहे, फरक राहतो का ते बघायला.

बाकीचे तीन दुरुस्तीचे सेट परत गेले. थांबलेल्या तिघांपैकी दोघांचे ट्रान्सफॉर्मर बाबांनीच भरून ठेवले होते, ते सेट काकांनी आणि मी मेअखेर पूर्ण करून दिले, बिलं माझ्या नावानं. कोल्हापूरच्या गुरुजींचा राहिला. त्यांच्यासाठी अकरावी चॅसी घ्यायची ठरली आहे. त्यावर बाबांची पाटी लावायची की नाही, यावर दादाचं आणि माझं अजून एकमत नाही. तो लाव म्हणतो. मला ट्रान्सफॉर्मर भरून झाल्याशिवाय ठरवायचं नाही.

मृग लागला आणि वाइंडिंग बंद केलं. गुरुजींना कळवलं, दसऱ्यानंतर. त्यांच्या बॉबिनला लागणारा कागद आणि तारेचं रीळ लाकडी कपाटात आहे, आणि कपाटात बाबा ठेवायचे तसा ४० वॉटचा बल्ब रात्रंदिवस लावलेला असतो, दमट हवा आत बसू नये म्हणून. आमच्याकडे पावसात लाइट सारखी जाते. आली की मी छत्री घेऊन मांगरात जाते आणि बल्ब पेटला का ते बघून येते.